निस्तेज लाल

मानकापूरच्या चौकात लाल दिवा गायब झाला, आणि त्याला कारण राख. कोराडी रोडवर वीज केंद्राच्या राखेचा ट्रक पुढे असला की मी श्वास धरते आणि डोळे बारीक करते, लहानपणापासूनची सवय आहे, पण आज घाईत होते, हेल्मेटची काच वर होती आणि डाव्या डोळ्यात राख गेली ती गेलीच. सिग्नलला स्कूटी थांबवून डावा डोळा चोळत बसले. उजवा उघडा. समोर बघते तर सिग्नलचा खांब आहे, वरची पेटी आहे, पेटीमागे कडुनिंब आहे, आणि दिवा नाही. लाल नाही, हिरवा नाही, काहीच नाही. लाइट गेली असेल म्हटलं, नागपुरात त्यात काय नवीन, आणि दिली स्कूटी सोडून. डावीकडून आलेली सिटी बस माझ्या गुडघ्याला वारा घालून गेली. ट्रॅफिकवाला शिट्टी फुंकत धावला. "ओ म्याडम! एवढा मोठा लाल लाइट दिसून नाही राहिला का तुमाले? मराचं आहे का?" मी म्हटलं, सिग्नल बंद आहे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी सकाळीच थोडी घेऊन आले आहे. मग मी दोन्ही डोळे उघडून वळून पाहिलं. दिवा होता. चांगला टमाट्यासारखा लाल.

स्कूटी कडेला, उसाच्या रसाच्या गाडीमागे लावली आणि वेड्यासारखी तिथेच उभी राहून बघत राहिले. उजवा डोळा झाकला, दिवा आहे. डावा झाकला, दिवा नाही. डावा झाकूनच जरा बाजूला कडुनिंबाकडे पाहिलं, तर दिवा हळूच कोपऱ्यात उगवला. परत त्याच्याकडे सरळ पाहिलं की गेला. लोकांना वाटतं डोळ्यात भोक पडलं म्हणजे काळा डाग दिसत असेल. कशाचं काय! काळं काहीच नव्हतं. जिथे दिवा असायला हवा तिथे पेटीचा रंग होता, सारखा, नीट, सारवल्यासारखा. मेंदू आजूबाजूचं उचलून मधे लिंपून टाकतो आणि मालकाला पत्ता लागू देत नाही. दोन डोळे उघडे असले की दुसरा डोळा सांभाळून घेतो. म्हणजे हे कधीपासून आहे कोण जाणे. रसवाल्यानं विचारलं, "ताई, डोळ्यात गेलं काय? पाणी देऊ?" मी हो म्हटलं, पाणी मारलं, डाव्या डोळ्यातली राख निघाली. लहानपणी आई पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ घ्यायची आणि डोळ्यावर दाबायची. "उघड वं, उघड, पाहू दे," म्हणायची. कॉलनीतल्या सगळ्या पोरांच्या डोळ्यांत राख जायची आणि सगळ्यांची निघायची. मला मात्र तिथे उभ्या उभ्या समजलं होतं की उजव्यातलं निघणार नाही. मी काही अडाणी नाही. उजेड हाच माझा धंदा आहे.

आईला अजून तो धंदा कळलेला नाही. "तुझे बाबा एवढा कोळसा जाळून उजेड करतात, आणि तू त्याचा एक-एक दाणा मोजत बसते," असं ती म्हणते, आणि खरं सांगायचं तर माझ्या प्रबंधाचा सारांश याहून बरा मला लिहिता आलेला नाही. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात आहेत. मी शहरात, एका कॉलेजाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत, कृष्णकांत सरांच्या हाताखाली. आम्ही लेझरच्या झोतानं एका स्फटिकात उजेडाच्या कणांची जोडी तयार करतो आणि ते दोन कण दोन वाटांनी एका अर्ध्या आरशावर, म्हणजे अर्धा उजेड परतवणाऱ्या आणि अर्धा आरपार सोडणाऱ्या काचेवर, आणून सोडतो. समोरासमोर कण टिपणारे दोन डिटेक्टर बसवलेले असतात. दोघांना एकाच क्षणी एकेक कण मिळाला की 'टिक' होतं. पण दोन्ही कण अगदी सारखे असले आणि अगदी एकाच क्षणी आरशावर पोचले, तर ते वेगळे होतच नाहीत, दोघं मिळून एकाच बाजूनं निघून जातात. मग टिक होत नाही. आमच्या धंद्यात यश म्हणजे आवाज बंद होणं. हे साधलं की पुढे उजेडाकडून हिशोब करून घेता येतो, तारा नाही, वीज नाही, नुसते कण आरशांतून जातात आणि उत्तर घेऊन बाहेर पडतात. उद्या दिल्लीची कमिटी ते टिक-टिक बंद होताना पाहायला येणार होती. दिसलं तर आमच्या तळघराचं केंद्र होणार होतं आणि मला कायमची नोकरी. म्हणून घाई.

त्या लेझरचा रंग निस्तेज लाल आहे. त्याचा बहुतेक उजेड डोळ्याला दिसतच नाही, दिसतो तो मेलेल्या विडीसारखा ठिपका, आणि असते ती भट्टी. त्यासाठी हिरव्या काचांचे चष्मे आहेत, बाहेरच्या खोलीत दाराशेजारी दोन खिळ्यांना दोन चष्मे टांगलेले. चष्मा घातला की डोळा वाचतो, पण ठिपकाही दिसत नाही, आणि ठिपका दिसल्याशिवाय आरसे जुळवायचे कसे? तेव्हा जुळवताना चष्मा काढायचा, ही आमची रीत. सर म्हणायचे, ज्याला झोत दिसला नाही त्याला फिजिक्स दिसलं नाही. बाकी बाबतीत सर कडक. आत जाताना अंगठी, बांगड्या, घड्याळ, सगळं दाराजवळच्या स्टीलच्या ताटलीत काढून ठेवायचं, मोबाइलसुद्धा. बांगडीवरून झोत उसळला तर? मोबाइलचा उजेड डिटेक्टरला लागला तर? ते डिटेक्टर एवढे नाजूक की चालू असताना दार उघडलं आणि बाहेरच्या ट्यूबलाइटचा उजेड आत गेला तर कायमचे जातात. दारावर लाल दिवा लागलेला असला की प्रिन्सिपल आले तरी उघडायचं नाही. काचेच्या डोळ्यांसाठी एवढा सोवळेपणा, आणि आमचे डोळे उघडे. आज हे मला इतकं सरळ दिसून राहिलं होतं की मला स्वतःचाच राग आला. पाच वर्षं काय करत होते मी?

मला ते लागलं तो दिवस आठवतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक आरसा काढून साफ करायला ठेवला होता आणि झोत जिकडे जाऊ नये तिकडे जात होता. मी टेबलाशी वाकले. उजव्या डोळ्यापुढे लख्ख चमकलं, आणि डोक्याच्या आत पट्ट असा आवाज झाला, फुटाणा फुटावा तसा. मग थोडे दिवस एक जांभळा ठिपका जिथे बघेन तिथे आधी हजर. आईला सांगितलं असतं तर तिनं घराबाहेर पडू दिलं नसतं. सरांना सांगितलं. "सर, डोळ्यापुढे चमकलं." सर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि मला पहिला प्रश्न काय विचारला? दिसतंय का, दुखतंय का, काही नाही. विचारलं, "आवाज आला का गं?" मी म्हटलं, हो, पट्ट असा. त्यांनी कप बाजूला सरकवला आणि म्हणाले, "घरी जा आज. गार दुधाची घडी ठेव. जातो ठिपका." आणि गेला की! मी खूश. अंधारात बघायला प्रयोगशाळेत एक छोटी दुर्बीण आहे, ती तेव्हापासून मी उजव्याऐवजी डाव्या डोळ्याला कधी लावायला लागले, हे माझं मलाही कळलं नाही.

मानकापूरहून सरळ तळघरात जायचं सोडून मी रामदासपेठेत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आधी रितिकाला फोन केला. रितिका आमची नवीन, काटोलची, सहा महिने झाले येऊन, मागच्याच आठवड्यात साखरपुडा झालेला. मी आले नाही तर सर तिला आरसे जुळवायला बसवणार हे मला माहीत होतं. फोन वाजत राहिला. ताटलीत वाजत असणार. सरांना केला, त्यांनीही उचलला नाही, तेही आतच असणार. डॉक्टरीणबाईंनी बाहुल्या मोठ्या व्हायचे थेंब टाकले आणि यंत्रासमोर हनुवटी टेकवायला लावली. आत एक बारीक रेघ सरकू लागली, निस्तेज लाल. मला हसू आलं. हा तर आमच्याच घरातला उजेड. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं, एकावर एक थर, शेतातल्या मातीच्या थरांसारखे, आणि मधोमध एक खड्डा, सगळे थर कापून गेलेला. "लेझरमध्ये काम करता?" हो म्हटलं. "हा भरून यायचा नाही हं. दुसरा डोळा चांगला आहे, त्याला जपा." त्या हे इतक्या शांतपणे म्हणाल्या की मलाही शांत राहावं लागलं. मग मी आवाजाचं सांगितलं, सरांनी विचारलेलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आवाजाचं कुणी विचारलं म्हणालात? मी इतकी वर्षं डोळे तपासते, मला विचारायचं सुचलं नसतं. ज्याला लागतं त्यालाच ते माहीत असतं. तुमच्या सरांनाही लागलंय का कधी?"

स्कूटी दवाखान्यापाशीच ठेवून ऑटोत बसले. बाहुल्या मोठ्या झालेल्या, एप्रिलचं ऊन, सगळी रामदासपेठ पांढरी फटक. ओढणी तोंडावर घेऊन बसले आणि त्या ओढणीच्या आत मला सर दिसायला लागले, एकदम स्पष्ट. सर बोलताना तुमच्याकडे बघत नाहीत, तुमच्या कानाकडे बघतात. आम्ही पोरं त्यावर किती हसलो! सर कानाशी बोलतात, झुमके घालून जा म्हणजे सर खूश होतील. आता हसा. सरळ बघितलं की आमचा चेहराच गायब होत असेल, म्हणून कानाकडे बघायचं, म्हणजे चेहरा कोपऱ्यात उगवतो. माझ्या सिग्नलसारखा. सरांनी स्कूटर विकली. म्हणाले, प्रदूषण. आम्ही त्यावर टाळ्या वाजवल्या. सरांनी मोजणीचे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरएवढे मोठे करून घेतले, म्हणाले सगळ्यांना दिसावेत. मग आकड्यांना आवाज जोडला, टिक-टिक. म्हणाले, खरा प्रयोग कानानं ऐकायचा असतो, आणि आम्ही बाहेर जाऊन सांगत सुटलो की आमच्या सरांचा कान काय तयार आहे! घरी त्यांच्या बायको यमुताई त्यांच्या हातात कप देताना त्यांची बोटं कपाच्या कानाशी लावून देतात. मी त्याला प्रेम समजायचे. असेलही.

राग आला, फार आला, पण तो नीट पेटेना. बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर रात्र काढली ती सरांनी. "पोरीले आणखी किती शिकवता?" म्हणून आई अडून बसली, तेव्हा उन्हात एसटीनं कोराडीला आले, आमच्या क्वार्टरमध्ये पाटावर बसून आईच्या हातचं जेवले आणि तिला म्हणाले, "कौशल्याबाई, हिची नजर फार चांगली आहे. अशी नजर वाया घालवू नये." आई त्या वाक्यावर विरघळली. मीसुद्धा. ते तेव्हा माझ्या कानाकडे बघून बोलत होते. त्यांना नजर हवी होती, आणि कोणाची तरी घ्यायचीच होती तर आवडत्या माणसाची घेतली, असं काहीतरी ते होतं. ऑटोवाल्यानं आरशातून विचारलं, "काहून रडून राहिल्या ताई?" मी म्हटलं, थेंब टाकलेत डोळ्यात.

तळघराच्या बाहेरच्या खोलीत दारावरचा लाल दिवा लागलेला होता. तो मला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसला. ताटलीत रितिकाची साखरपुड्याची अंगठी होती, काचेच्या बांगड्या होत्या, घड्याळ, मोबाइल. शहाणी पोर, सगळं सांगितल्याप्रमाणे केलेलं. आणि दोन खिळ्यांना दोन्ही चष्मे होते. सर मोठ्या पडद्यासमोर बसले होते, मान तिरपी, डोळे जवळजवळ मिटलेले. स्पीकरमधून टिक-टिक येत होती, पत्र्यावर पाऊस पडावा तशी भरभर.

"सोनिका? बरं झालं आलीस. किती उशीर! ऐक, ऐक, काय छान जुळवतेय ती."

"सर, रितिका आत चष्म्याशिवाय आहे."

"जुळवताना काढतोच ना आपण."

"सर, मी डोळ्यांच्या डॉक्टरकडून आले. माझ्या उजव्या डोळ्यात खड्डा आहे."

ते पडद्याकडे तोंड करूनच म्हणाले, "तू तर म्हणाली होतीस ठिपका गेला."

"तुमचाही गेला होता ना?"

टिक-टिक चालू होती. सरांनी खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, परत घातली. मी म्हटलं, "एक की दोन्ही?"

"आधी डावा," ते म्हणाले. "मग काही वर्षांनी उजवा."

"दुसऱ्यांदासुद्धा चष्मा नव्हता घातला?"

"चष्मा घातला की दिसत नव्हतं ना गं." हे त्यांनी इतक्या निरागसपणे म्हटलं की मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. "कोणाला सांगणार? लेझरवाला माणूस आंधळा झाला म्हटल्यावर लेझर काढून घेतात. मला दुसरं काही येत नाही. तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस का इथे?"

"नसते थांबले."

"मग."

मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. त्यांना ते दिसलं नसेल, पण मूठ जुनी आहे, कुरकुरते. सर उठून उभे राहिले. "उघडू नकोस. डिटेक्टर चालू आहेत. सोनिका, उद्याच्या दिवसापुरतं. तिचं होतच आलंय. ऐक तू, कमी होऊन राहिली बघ टिक-टिक."

हाक मारता आली असती. रितिका, डोळे मीट, असं ओरडले असते तर पत्र्याच्या दारातून तिला ऐकू गेलं असतं. एवढं साधं होतं. मी तोंड उघडलंही होतं. आणि तेव्हा टिक-टिक खरंच विरळ व्हायला लागली. पाच वर्षं मी त्याची वाट पाहिली होती, आणि ती दर वेळी अर्ध्यावर अडायची, कण नीट जुळायचे नाहीत, कुठेतरी केसभर चूक राहायची. आज अडली नाही. पडद्यावरची रेघ खाली खाली येऊ लागली. मला सरांचा विसर पडला, खड्ड्याचा विसर पडला. माझं सगळं अंग कान झालं. एक टिक. मग बऱ्याच वेळानं एक. आतली पोर शेवटचा स्क्रू फिरवत असणार, पोटातला श्वास धरून, अगदी हलक्या बोटांनी, मी शिकवलं होतं तसं. आता ओरडले तर तिचा हात हलेल, असं मी स्वतःला सांगितलं. बस, एवढं होऊ दे, मग ओरडते. एवढंच. मला ते हवं होतं हो! नोकरीसाठी नाही, कमिटीसाठी नाही, नुसतं ऐकायला हवं होतं. आणि मग टिक-टिक थांबली. खोलीत काहीच आवाज राहिला नाही. सर रडत होते. मूठ माझ्या घामानं ओली झाली होती.

आतून डिटेक्टर बंद केल्याचा खटका वाजला, लाल दिवा विझला आणि दार उघडून रितिका बाहेर आली. घामाघूम, केस कपाळाला चिकटलेले, चेहरा नुसता फुललेला. "ताई! झालं ना? ऐकलं ना तुम्ही? सर, झालं ना?" सर हो हो म्हणत मान हलवत होते. तिनं ताटलीतली अंगठी घेतली, बोटात घातली, बांगड्या चढवल्या. आणि मग हसत हसत मनगटानं डोळा चोळायला लागली.

"काय झालं?" मी म्हटलं.

"काही नाही हो. आत्ताच, शेवटचा स्क्रू फिरवताना, डोळ्यापुढे चमकल्यासारखं झालं जरासं. थकले असेन."

सरांनी मान वर केली. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. ते विचारणार, आणि त्यांनी विचारलं तर मला सहन होणार नाही, एवढंच मला कळलं, म्हणून मी घाईनं पुढे झाले आणि तिचा खांदा धरला. तिच्या चेहऱ्याकडे मला बघता येईना. तिच्या कानात साखरपुड्याचे छोटे नवे झुमके होते. ते काढायला आम्ही कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मी त्या कानाकडे बघत विचारलं, "आवाज आला का गं?"

"हो, पट्ट असा," रितिका म्हणाली. "तुमाले कसं समजलं ताई?"